कडीवाली

घोड्याचं वय दातांवरून कळतं, हे मला पाटी-पेन्सिल हातात येण्याआधीपासून ठाऊक आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची जत्रा भरायची. माझे आजोबा, त्यांना आम्ही बापू म्हणायचो, आदल्या रात्री ब्राह्मणपुरीत गाडी जुंपायचे ते उजाडता उजाडता तापीकाठी पोचायचे. एकमुखी दत्ताचं दर्शन, मग दिवसभर घोडाबाजार. बापूंना घोडा घ्यायचा नसायचाच. तरी ते प्रत्येक उमद्या जनावराचा ओठ उलटून दात बघायचे, अंगावरचे भोवरे मोजायचे, खूर उचलून आत बोट फिरवायचे. मालक तोवर घोड्याच्या सात पिढ्यांची कहाणी सांगत असायचा. बापू मान डोलवत ऐकायचे आणि परतीच्या वाटेवर मला म्हणायचे, ‘‘कान मालकाकडं ठेवायचे, डोळे घोड्याकडं.’’

हे सगळं आठवलं ते बंदुकीमुळे.

आमच्या घरात एक बंदूक होती. गावात इतरांकडे होत्या त्या ठासणीच्या किंवा बारा बोरच्या, एकनळी नाहीतर दुनळी. आमची वेगळी. चापाभोवती लोखंडाची एक लांबट कडी, तीत बोटं घालायची, खाली ओढायची, परत वर. खट्-खटाक्. एवढ्यात रिकामं काडतूस वरून बाहेर उडतं, घोडा ताणला जातो आणि नवं काडतूस नळीत जाऊन बसतं. या कडीमुळे घरात तिचं नाव ‘कडीवाली’. ‘कडीवाली उतरव’, ‘कडीवाली जमा करून आलो’. म्हशीलाही नाव असतं, तसं.

काका वारले तेव्हा परवाना त्यांच्या नावावर होता. परवानाधारक गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागते. आम्ही ती दुकानदाराकडे ठेवली. खरं तर २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाला सत्तर वर्षं झाली, किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली, की तो हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करवू शकतो. काकांना ऐंशी उलटली होती. पण काकांनी सातबाऱ्यावरची नावं बदलली नाहीत, तर बंदुकीचं काय घेऊन बसलात.

वारस आम्ही चार चुलतभाऊ. परवाना एकालाच मिळणार, बाकी तिघांनी ‘हरकत नाही’ म्हणून प्रतिज्ञापत्र द्यायचं. मला ती हवी होती. ‘हरकत नाही’ हे शब्द स्टँपपेपरवर फुकट उमटत नसतात, हे मला तिघांच्या फोनवरून समजलं. थोडक्यात, आपल्याच आजोबांची बंदूक मी विकत घेणार होतो आणि तिचा भाव ठरायचा होता.

सुरतेचा भाऊ म्हणाला, ‘‘अरे, शंभर वर्षं झाली ना? मग ती अँटिक. अँटिकला परवाना कशाला? सरळ दिवाणखान्यात टांग.’’ हा गैरसमज मी इतक्या शहाण्या माणसांकडून ऐकलाय की त्याचा एकदा निकाल लावलेला बरा. शंभर वर्षांची अट आहे ती १९७२च्या पुरावशेष कायद्यात, आणि तिचा रोख मुख्यतः जुन्या वस्तू देशाबाहेर जाऊ नयेत यावर आहे. बंदुकीला लागतो १९५९चा शस्त्र कायदा. त्याच्या ४५व्या कलमात जुन्या घाटाच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. म्हणजे पणजोबांची बंदूक शंभराची असो की दीडशेची, ती बार काढू शकते का, एवढाच सवाल. आमची काढू शकत होती. निदान घरातला समज तसा होता.

आणि घरातले समज ही तर मोठीच इस्टेट.

ओट्यावरच्या गोष्टीप्रमाणे कडीवाली आमच्या पणजोबांना औट्रम साहेबाने बक्षीस दिली. सातपुड्याच्या पायथ्याला एका नाल्यात वाघ बसला होता, साहेबाचा नेम चुकला, पणजोबांनी कुऱ्हाड घेऊन वाघाला तोंड दिलं, साहेब खूश झाला, बंदूक दिली आणि त्याच बंदुकीने पणजोबांनी पुढे आणखी तीन वाघ मारले. बापूंच्या तोंडी तीन, काकांच्या तोंडी पाच.

औट्रम खरा. जेम्स औट्रम १८२५ साली खानदेशात आला, भिल्लांचीच पलटण उभी करायला. धरणगावला तिचा तळ होता. डोंगरात राहणाऱ्या, कुणालाही न जुमानणाऱ्या माणसांचा विश्वास त्याने शिकारीतून मिळवला असं इंग्रजांनी लिहून ठेवलंय. दहाएक वर्षांत त्याच्या समोर १९१ वाघ पडले असा आकडाही दिलाय. खानदेशात तेव्हा एवढे वाघ होते, आज ऐकताना दुसऱ्याच मुलखाची गोष्ट वाटते. पण हा औट्रम १८३५मध्ये खानदेश सोडून गेला आणि १८६३ साली फ्रान्समध्ये वारला. कडीवालीच्या दस्त्यापुढच्या लोखंडी पट्टीवर कोरलेलं आहे: मॉडेल १८७३. म्हणजे साहेबाने मरणानंतर दहा वर्षांनी निघालेली बंदूक, जन्मालाही न आलेल्या पणजोबांना बक्षीस दिली.

मी हे बापूंना कधी बोललो नाही. तेव्हा मला ही सालंच माहीत नव्हती. आणि माहीत असती तरी बोललो नसतो.

दुसरी गोष्ट चिमठाण्याची. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ स्वातंत्र्यसैनिकांनी सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांच्या घरातला. साताऱ्याकडचे क्रांतिकारक त्यासाठी खानदेशात आले होते. आमच्या घराच्या मते त्या दिवशी कडीवालीही तिथं होती. कुणी नेली, कशी आणली, विचारलं की आवाज खाली जायचा आणि ‘तुला काय करायचं’ यायचं. मला आता वाटतं, गावोगावच्या जुन्या बंदुका त्या दिवशी चिमठाण्याला जमल्या असत्या तर खजिन्यापेक्षा बंदुकांचाच ढीग मोठा झाला असता.

पारख करायला मी ज्यांना सोबत नेलं, त्यांची हयात पोलिसांच्या शस्त्रागारात गेली. निवृत्त आर्मोरर. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. दुकानदाराने पोतं सोडलं, तेलकट फडकं बाजूला केलं आणि कडीवाली काचेच्या टेबलावर ठेवली. मला ती लहान वाटली. घरात खुंटीवर ती मोठी दिसायची.

उस्तादांनी आधी कडी खाली ओढली, करंगळी आत घालून चाचपलं. मग नळीखालच्या लांब पोकळीत डोकावले. काडतुसं तिथं एकामागे एक राहतात, या लांबीच्या बंदुकीत पंधरा. ‘‘रिकामी आहे हे सगळेच सांगतात,’’ ते म्हणाले, ‘‘मेलेल्यांच्या घरचे तर नक्कीच सांगतात.’’ रिकामीच होती.

मग त्यांनी ती उलटी केली. कडीच्या मागे, खालच्या पट्टीवर नंबर. माझ्याकडे परवान्याची जुनी वही होती, सर्वांत जुन्या पानावर ‘पश्चिम खानदेश’चा शिक्का. उस्तादांनी नंबर वाचला, मी वहीत बघितला. एक आकडा जुळेना. लोखंडावर तीन, वहीत आठ. कधीतरी कुठल्याशा कचेरीत कुणा कारकुनाच्या डोळ्यांनी तिनाची दोन्ही तोंडं मिटवली होती आणि पुढचं प्रत्येक नूतनीकरण त्या आठाची नक्कल करत आलं होतं. ‘‘भावाचं नंतर बघू,’’ उस्ताद म्हणाले, ‘‘आधी हे दुरुस्त करून घ्या. कागदावरची बंदूक आणि हातातली बंदूक वेगळी निघाली, तर जो धरतो तो अडकतो.’’ त्या एका आकड्यापायी पुढे माझे सात महिने गेले.

वहीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती मी तोवर कधी नीट वाचली नव्हती. ‘हत्यार कसे मिळाले’ या रकान्यात फिकट निळ्या शाईत ‘खरेदी’ आणि मुंबईच्या एका दुकानाचा शिक्का. साहेब नाही, वाघ नाही. कापसाला बरा भाव आलेल्या एखाद्या वर्षी पणजोबा मुंबईला गेले असणार आणि शोकेसमधली बंदूक घेऊन आले असणार. आगगाडीत ती मांडीवर घेऊन बसलेले पणजोबा मला वाघासमोरच्या पणजोबांपेक्षा जास्त आवडले.

नळी अष्टकोनी. अशा नळीच्या कडा धारदार हव्यात, बोट फिरवलं तर टोचल्यासारख्या. आमच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मला खाली बघावं लागलं, कारण काकांनी एका दिवाळीला घरातली पितळी भांडी घासताना कडीवालीलाही पॉलिश पेपर मारला होता, आणि पेपर धरायला मी होतो. लोखंडाला कारखान्यात चढवलेली निळी झाक असते. ती शंभर वर्षांत तपकिरी होते, चिंचेच्या सालीसारखी. संग्राहक पैसे मोजतो ते त्या तपकिरीचे. आम्ही ती एका दुपारी घासून टाकली आणि घरभर मिरवली. ‘‘बायका नथ उजळवून आणतात, तसं केलंत तुम्ही,’’ उस्ताद म्हणाले, ‘‘नथीला चालतं.’’

घासण्यातून अक्षरं अर्धीमुर्धी वाचली होती. विंचेस्टर. न्यू हेवन, कनेटिकट. पुढे ‘किंग्ज इम्प्रूव्हमेंट’ आणि १८६६, १८६० ही सालं. या ‘किंग्ज’वर आमच्या घराने किती जीव टाकला होता! बापू इंग्रजी दुसरीपर्यंत शिकलेले. ते बोट ठेवून वाचून दाखवायचे, किंग म्हणजे राजा, ही राजाच्या कारखान्यातली. उस्ताद हसले नाहीत, त्यांनी नीट सांगितलं. नेल्सन किंग हा विंचेस्टर कंपनीतला कारागीर-अधिकारी. आधीच्या हेन्री रायफलीत काडतुसं पुढून भरावी लागायची, नळकांड्याला उघडी फट असायची, तीत माती जायची. किंगने बाजूला एक लहानशी झडप बसवली. तीतून अंगठ्याने काडतूस आत ढकलायचं. त्या झडपेचं पेटंट १८६६चं. किंग हे आडनाव होतं.

मग भिंगातून त्यांनी नळीच्या बुडाशी बारीक ठसे बघितले. मुकुटाचं चिन्ह, खाली अक्षरं. लंडनला तपासणीघरात प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जड बार भरून ती झाडून बघत. फुटली नाही तर हा ठसा. म्हणजे बंदूक अमेरिकेतून लंडनला, लंडनहून मुंबईला, मुंबईहून आमच्या ओट्यावर. त्या ठशांशेजारी तीन शब्द होते. उस्तादांनी भिंग माझ्या हातात दिलं. नॉट इंग्लिश मेक.

एके काळी परदेशी बंदुकांवर इंग्रज हा शिक्का मारत. आमच्या तीन पिढ्या जिला ‘अस्सल इंग्रजी’ म्हणत आल्या, तिच्या अंगावर खुद्द इंग्रजांनीच लिहून ठेवलं होतं की ही आमची नव्हे.

उस्तादांनी कडी पुन्हा खाली ओढली. या बंदुकीच्या पोटात पितळेचा एक ठोकळा आहे. कडी खाली गेली की तो काडतुसाला घेऊन विहिरीतल्या बादलीसारखा वर येतो, कडी वर गेली की खाली बसतो. त्याच्या तळाशी बोर कोरलेला: ४४. हे काडतूस चाळीस ग्रेन काळ्या दारूचं, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडं वर. ‘‘वाघ मारला म्हणता?’’ उस्तादांनी विचारलं. मी गप्प. इंग्रज शिकारी वाघाला ज्या ५०० बोरच्या एक्स्प्रेस रायफली वापरत, त्यांच्या काडतुसात याच्या तिपटीहून जास्त दारू. ‘‘हरणाला ठीक. डुकराला, जवळून, ठीक. वाघाला ही मारली तर वाघ मरेल, पण नंतर, आणि मधल्या वेळात मारणाराही.’’

एक कबूल करतो. मला त्या क्षणी पणजोबांची बाजू घ्यावीशी वाटली.

मग नळी. मागच्या तोंडाशी पांढरा कागद तिरका धरला, त्यावर उजेड घेतला आणि पुढून बघायला लावलं. आत आट्या दिसतात, फिरत फिरत दूर जाणाऱ्या. जुन्या काळी दारू आणि काडतुसाच्या टोपीतली रसायनं नळीला आतून खात. झाडल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने धुतली नाही तर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडत. मला वाटलं होतं, आत कोळसा असेल. आट्या स्वच्छ होत्या. कडा उभ्या. एखाददुसरा डाग.

‘‘वा,’’ मी म्हणालो.

उस्तादांचं लक्ष दुसरीकडे होतं. ते पितळी ठोकळ्याच्या बाजू बघत होते. दोन्ही बाजू घासून आरशासारख्या झालेल्या. कडी त्यांनी चिमटीत धरून हलवली. ती डावी-उजवीकडे डुलली, म्हाताऱ्याच्या दातासारखी. आतले सांधे, गुडघ्यासारखे दुमडणारे, त्यांच्या खिळ्या सैल. त्यांनी ती चारपाच वेळा चालवली, कान लावून ऐकलं.

‘‘गंमत आहे,’’ ते म्हणाले. ‘‘झाडली फार थोडी. खटखटवली मात्र बेसुमार. असं कुणी का करेल?’’

मला माहीत नव्हतं. मी फोन काढला आणि म्हणालो, एकदा परत करा. त्या आवाजासाठी, खरं सांगायचं तर, मला ती हवी होती. खट्-खटाक्. तो आवाज भरून घेतला.

भावाचं काय झालं ते सांगून टाकतो. आपल्याकडे १९८०च्या दशकात परदेशी बंदुकांची आयात सामान्य माणसाला बंद झाली, तेव्हापासून जुन्या विलायती मालाला भाव चढला तो चढलाच. तपकिरी राहिली काय, घासली काय, नाव मोठं असलं की झालं. अमेरिकेत हीच बंदूक उलट्या हिशेबाने मोजतात, तिथं पॉलिश पेपरची शिक्षा होते. आमच्या बंदुकीला आणखी एक अडचण: ४४चं हे काडतूस आपल्या दारूगोळा कारखान्यांत होत नाही. खडकीला बारा बोरचं होतं. आमच्या खानदेशातच वरणगावला लष्कराची काडतुसं होतात. या बोरचं कुठंच नाही. उस्तादांनी बैलबाजारातल्यासारखा माझा हात रुमालाखाली घेतला आणि बोटं दाबली. आकडा रुमालाखालीच राहू द्या. सुरतेच्या भावाला कमी वाटला, पुण्याच्या दोघांना जास्त वाटला, म्हणजे बरोबर असावा.

घरी येऊन मी वही पुन्हा काढली. मागच्या बाजूला काडतुसांच्या खरेदीचं पान असतं: तारीख, किती घेतली, दुकानाची सही. शेवटची नोंद साठीच्या दशकाच्या सुरुवातीची, दहा काडतुसं. पुढची पानं कोरी. बापूंनी मात्र त्यानंतर बारा-पंधरा वर्षं दर हिवाळ्यात कडीवाली खांद्यावर टाकली. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, हुरड्यात आली की बापू जेवण झाल्यावर रानात जात. डुकरं येतात, म्हणत. मी सातेक वर्षांचा असेन तेव्हा, १९७१च्या हिवाळ्यात, ते रोज जाऊ लागले आणि डुकरांचं नाव घेणं बंद झालं. ते साल आमच्या शहादा तालुक्याला साधं गेलेलं नाही. मे महिन्यात म्हसावदजवळच्या पाटीलवाडीत धान्यासाठी आलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला होता, माणूस मेला होता. पाडळद्याचे अंबरसिंग महाराज गावोगाव भिल्लांना एकत्र करत होते. हातची गेलेली जमीन परत मागितली जात होती, सालदारकीचे करार विचारले जात होते. इकडे मोठ्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षणाची सोसायटी काढली होती. ओट्यावर गोष्टी थांबल्या होत्या. मोठी माणसं आम्हाला आत पाठवून हळू बोलत.

या बाजूची गोष्ट मी फक्त आईच्या पदराआडून ऐकलेली. दुसरी बाजू ऐकली ती आत्ता, गेल्या आखाजीला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल संपतं, नवं ठरतं. आमच्याकडे एका भिल्ल कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या सालं घातली. त्यातला शेवटचा सालदार आता ऐंशीला टेकलाय, मोतीबिंदूने डोळे गेल्यातच जमा. त्याचा मुलगा स्वतःची पपई लावतो. मी सणाला गावी गेलो की त्याला भेटून येतो. या वेळी खाटेवर बसलो, इकडचं तिकडचं झालं, आणि बोलता बोलता मी बंदुकीचं सांगितलं. वाघाचं, औट्रमचं. म्हातारबा ऐकत होता. वाघाची गोष्ट त्यालाही पाठ होती, त्याच्या हिशेबात चार वाघ होते.

मग मी फोन काढून आवाज लावला.

खट्-खटाक्.

त्याचा हात विडीवरून थांबला. मान वळली, माझ्याकडे नव्हे, दाराकडे.

‘‘नाल्यानी वाटवर,’’ तो म्हणाला. ‘‘रातले.’’

नाल्याकडून भिल्लवाडीला जाणारी जवळची वाट आमच्या दादरीच्या कडेने जाते. त्या दोन हिवाळ्यांत बैठका रात्रीच्या असायच्या, दुसऱ्या गावात, आणि हा त्या बैठकांना जायचा. दिवसा आमचीच औतं हाकायचा. अंधारात बापू कुठं उभे आहेत ते दिसायचं नाही. पण पाऊल वाजलं की पिकातून हा आवाज यायचा. एकदा. कधी दोनदा. बापू तोंडाने काही बोलत नसत.

मी विचारलं, कधी बार काढला का?

त्याने मान हलवली. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, ‘‘तिनामा काडतूस राहे का, भाऊ?’’

वही माझ्या पिशवीत होती, पण त्याला दाखवून उपयोग नव्हता. मी म्हणालो, ‘‘नाही. नसायचं.’’

‘‘नसायचं,’’ त्याने माझाच शब्द तसाच उच्चारला. बोटांवर काहीतरी मोजलं. ‘‘दोन साल फेरा मारीसन गऊत आम्ही.’’

फेरा म्हणजे खालच्या अंगाने, काटवनातून, कोसभर जास्त. मी तो रस्ता पाहिलाय.

बाहेर पोरं झोक्यावर आखाजीची गाणी म्हणत होती. म्हातारबाने फोन माझ्या हातून घेतला, त्याच्या काचेवर अंगठा फिरवून बघितला आणि कानाशी नेला.

‘‘आखो वाजाड,’’ तो म्हणाला.